आधी कानस, मग लेथ, शेवटी कर्ज



कोंढा, अड्याळ, पवनी या पट्ट्यातल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, गावात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकायचं आहे. कोणती मशीन घेऊ?" कुणी वेल्डिंगचा सेट विचारतो, कुणी पत्रा वाकवायची मशीन, कुणी थेट सीएनसी प्लाझ्मा कटिंग. मी म्हणतो, भाऊ, आधी एक बारा इंची कानस घे, एक गुण्या घे, आणि लोखंडाचा एक ठोकळा घे. समोरच्याला वाटतं, सर टाळाटाळ करत आहेत.

टाळाटाळ नाही. माझं मत अगदी सरळ आहे. धातूला आकार द्यायचं काम शिकताना आधी हात, मग मोजमाप, मग छोटी मशीन आणि सगळ्यात शेवटी कर्ज, हा क्रम सोडला की गावातलं वर्कशॉप अडचणीत येतं. व्हिडिओत हे पाच मिनिटांत बोलून टाकलं तर "सर मशीनच्या विरोधात आहेत" असा अर्थ निघतो. म्हणून इथे नीट लिहितोय. आणि ज्यांचा जीव आकड्यात रमतो, त्यांच्यासाठी सुरुवात हिशोबानेच करू.

बारा गेटचं गणित

समजा, कोंढ्यातल्या एका मुलाने 5 लाखांचं कर्ज घेतलं. व्याज 11 टक्के, मुदत 5 वर्षं. महिन्याचा हप्ता होतो साधारण 10,870 रुपये. आता समजा, गेट-ग्रिलच्या कामात लोखंड, वेल्डिंग रॉड, वीज, रंग, हाताखालच्या माणसाची मजुरी हे सगळं वजा जाऊन किलोमागे 15 रुपये उरतात. तुमच्याकडे 12 उरत असतील किंवा 20, आपापला आकडा टाकून बघा. 15 धरले तर नुसता हप्ता भरायला महिन्याला सुमारे 725 किलो माल विकावा लागेल. एक गेट 60 किलोचं धरलं तर ही झाली बारा गेट.

महिन्याला बारा गेट, दर महिन्याला, पाच वर्षं. यात घरी एक रुपया गेलेला नाही, फक्त बँकेचं पोट भरलंय. आणि आपल्याकडे बांधकामं होतात कधी? धान विकून हातात पैसा आला की. रोवण्याच्या दिवसांत गेट बनवायला कोण येणार? त्या दोन महिन्यांत हप्ता मात्र तारखेला येतो.

आता यापुढचा प्रश्न. तुम्ही ज्या कर्जावर मशीन घेतली, तेच कर्ज शेजारच्या गावातल्या मुलालाही मिळतं. तीच मशीन, तेच डिझाइन, तोच मोबाइलवरचा फोटो. मग गिऱ्हाईक काय विचारणार? "किलोला किती?" तुम्ही एक रुपया कमी केला की तो दोन करतो. जी गोष्ट पैसे टाकून कुणीही उद्या विकत आणू शकतो, तिच्यावर फार दिवस नफा टिकत नाही. हात मात्र शेजाऱ्याला विकत आणता येत नाही. तो त्यालाही शिकूनच कमवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. धंद्याच्या भाषेत तुमचं खरं भांडवल ते आहे.

हात नेमकं काय शिकवतो?

"हाताची कला" म्हटलं की लोक भावुक होतात. मला भावुक व्हायचं नाही. हाताने काम केल्यावर डोक्यात नेमकं काय जातं ते सांगतो.

पहिली कानस. आयटीआयच्या फिटर ट्रेडला गेलेली पोरं तक्रार करतात की सुरुवातीला नुसतं घासायला लावतात. बरोबर आहे, लावतातच. जर्मनीतही मशीनच्या कामाचे शिकाऊ कामगार परंपरेने कानशीपासूनच सुरुवात करतात, आणि तिथे ही शिकाऊ उमेदवारी साडेतीन वर्षांपर्यंत चालते. कारण काय? ठोकळ्याची एक बाजू सपाट करायची, तिला काटकोनात दुसरी करायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. जिथून उजेड दिसतो तिथे खड्डा. हे दोन आठवडे केलं की "सपाट" आणि "काटकोन" हे शब्द राहत नाहीत, डोळ्याला आणि मनगटाला ते कळायला लागतात. पुढे हाच माणूस चौकट वेल्ड करण्याआधी कर्ण मोजतो. दुसरा मोजत नाही, आणि त्याचं गेट बसवताना भिंत फोडावी लागते.

कानस आणखी एक गोष्ट सांगते. ती लोखंडाला चावते की घसरते? घसरली तर समजायचं, पोलाद कडक आहे. ही फुकटातली तपासणी आहे.

दुसरी रिंग. चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लावायचं केजव्हील आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. आता समजा, 12 मिमीच्या सळईची, आतून 1000 मिमी व्यासाची रिंग करायची आहे. नवशिका काय करतो? 1000 ला 3.14 ने गुणतो आणि 3142 मिमी सळई कापतो. वाकवल्यावर टोकं जुळतच नाहीत. कारण वाकवताना सळईची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि लांबी कायम राहते ती मधल्या रेषेची. म्हणून व्यास धरायचा 1012. लांबी येते 3179. फरक 37 मिमीचा. एका रिंगमध्ये वेल्डिंगचा थर भरून तो लपवता येतो. पण चिखलात भार आला की तुटणार तिथूनच.

ज्याने एकदा हाताने रिंग वाकवली त्याला ही मधली रेषा आयुष्यभर लक्षात राहते. मग तो पत्रा वाकवायच्या मशीनवर बसला तरी माप काढताना चुकत नाही. वाकवलेला पत्रा सोडल्यावर थोडा मागे येतो, हे त्याच्या हाताला आधीच माहीत असतं, म्हणून तो 90 अंशाला दोन अंश जास्त दाबतो.

तिसरी पितळ. आपल्या भंडाऱ्याला पितळी भांड्यांचं शहर म्हणतात. पितळेचा पत्रा ठोकत गेलं की तो कडक होत जातो. हातोड्याचा आवाज बदलतो, हाताला धक्का बसायला लागतो. तेव्हा थांबून तो तापवायचा, मंद लाल झाला की थंड होऊ द्यायचा. पुन्हा नरम. हे न करता ठोकत राहिलात तर काठाला चीर जाते. आता हाच पत्रा लेथवर फर्म्याला लावून दाबला, ज्याला स्पिनिंग म्हणतात, तरी नियम बदलत नाही. तिथेही तो कडक होतो, तिथेही चिरतो. फरक एवढाच की हाताने दहा मिनिटांत एक पत्रा वाया जातो, मशीनवर तेवढ्या वेळात दहा.

चौथी गोष्ट पाणी देणं. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा विळा किंवा कुऱ्हाड करताना लोहार तो लाल तापवून तेलात बुडवतो. एवढंच केलं तर धार काचेसारखी कडक होते आणि काचेसारखीच तुटते. म्हणून घासून, चकचकीत करून ती पुन्हा हलकी तापवायची आणि रंग बघायचा. गवतासारखा पिवळा रंग साधारण 220 ते 230 अंशाला येतो, निळा 300 च्या आसपास. विळ्याला पिवळसर ते तपकिरी चालतो, धक्का खाणाऱ्या कुऱ्हाडीला निळ्याकडे न्यायचं. एवढ्या ज्ञानाच्या जोरावर एखाद्याचा विळा दोन हंगाम टिकतो आणि दुसऱ्याचा पहिल्याच बांधीत वाकतो. शेतकरी पुढच्या वर्षी कुणाकडे जाईल ते सांगायला नको.

पण नुसत्या हातावर पोट चालत नाही

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशी थोडं बोलतो. काही जण म्हणतात, मशीनने कारागीर संपवला, पुन्हा हाताकडे वळा. हेही मला पटत नाही.

भंडाऱ्याच्या पितळेचा धंदा घटला तो कारागिराचा हात वाईट होता म्हणून नाही. घरात स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं, प्लास्टिक आलं. पितळी गुंड आणि हंडे लग्नाच्या आहेरापुरते उरले. जे भांडं मशीन स्वस्तात काढते तेच भांडं तुम्ही हाताने ठोकत बसलात, तर तुमच्या मेहनतीला बाजारात मोल नाही. कडू आहे, पण खरं आहे.

पुण्याची तांबट आळी बघा. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याची कामं होत आली. तिथली मठारकामाची कला आजही टिकून आहे. हातोड्याच्या एकसारख्या ठोक्यांनी भांड्यावर चमकदार ठसे उठवायचे, त्याने पत्रा कडकही होतो आणि दिसायलाही सुंदर होतो. गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या ठशांचे, आणि ते हाताचेच हवे असतात. शिवाय तिथे जुन्या बंबा-हंड्यांसोबत आजच्या घरात लागणाऱ्या नव्या वस्तू घडवायला लागले, म्हणून बाजार मिळाला. यातून आपण घ्यायचं ते असं की जिथे हाताची किंमत मिळते तिथे हात लावा आणि बाकीचं मशीनला करू द्या.

शेतीच्या कामातही तेच. थ्रेशरचा झिजलेला शाफ्ट घ्या. त्यावर वेल्डिंगचा थर चढवायचा, मग लेथवर मापात आणायचा. कुठे झिजलाय, वाकलाय का, आधी सरळ करावा लागेल का, हे हात आणि डोळा सांगतो. शेवटचा दशांश मिलिमीटर लेथ देते. दोन्हींपैकी एक नसेल तर बेअरिंग बसणार नाही.

आणि मशीनचंही एक शिक्षण असतं, ते अंदाजाने येत नाही. साधं ड्रिल घ्या. साध्या लोखंडात मिनिटाला 25 मीटरचा वेग धरला, तर 10 मिमीच्या ड्रिलला सुमारे 800 फेरे लागतात आणि 20 मिमीच्या ड्रिलला 400. ड्रिल जाडं झालं की फेरे कमी. गावातल्या कित्येक वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनचा पट्टा आणला त्या दिवसापासून एकाच पुलीवर आहे. मग ड्रिल जळतं आणि दोष ड्रिलच्या कंपनीला. मशीनवरचा पट्टा बदलायला फुकट आहे, पण का बदलायचा ते माहीत पाहिजे.

किर्लोस्करांकडे एकदा बघा

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव सगळे घेतात, पण त्यांचा क्रम कुणी बघत नाही. आधी ते मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावं लागलं, तेव्हा मशीनची ड्रॉइंग शिकले. मग व्हीजेटीआयमध्ये शिकवलं. बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, कडबा कापायची यंत्रं केली. लोखंडी नांगर आला 1903 मध्ये, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली ती 1910 मध्ये. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. ती मोडून नांगर खपायला वेळ लागला.

म्हणजे आधी ड्रॉइंग, मग हातातलं काम, मग शेतकऱ्याची गरज, आणि वसाहत सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो. आधी शेड, मग उद्घाटन, मग मशीन, आणि "आता काम काय घ्यायचं?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

खरी अडचण लाजेची आहे

आता एक नाजूक गोष्ट. गावात भाता आणि ऐरण घेऊन बसलेला म्हातारा लोहार तुम्ही बघितलाय. त्याच्याकडे पाणी देण्याचं, वाकवण्याचं, जोडण्याचं जे ज्ञान आहे, ते आयटीआयच्या पुस्तकात अर्धंच सापडतं. तरी त्याच्याकडे शिकायला कुणी जात नाही. त्याचा स्वतःचा नातूही जात नाही. का? कारण हातोडा म्हटलं की आपल्याला जात आठवते आणि सीएनसी म्हटलं की इंजिनिअर. वेल्डिंगच्या दुकानावर बसायला लाज नाही, ऐरणीसमोर बसायला लाज आहे. धातू तोच आहे, विज्ञान तेच आहे.

या लाजेची किंमत दोघंही मोजतात. म्हाताऱ्याचं ज्ञान त्याच्यासोबत संपतं, आणि पोरगं हप्त्यावर मशीन घेऊनही बाकी सगळ्यांसारखंच काम करत राहतं. माझा आग्रह आहे, तीन महिने त्यांच्याकडे जाऊन बसा. काका, बाबा, जे नातं लागत असेल त्या नात्याने बोला. पण फुकट शिकू नका. क्लासला फी देता ना? तशी त्यांनाही द्या. भाता ओढा, घण मारा, आणि रोज काय शिकलात ते वहीत लिहा. मुलींनाही हेच सांगतो. घण जड असतो, पण कानस, मोजमाप, मठारकाम आणि लेथ यात ताकदीपेक्षा धीर लागतो.

मग करायचं काय, क्रमाने सांगतो

पहिले सहा महिने हात. आयटीआयला जमत असेल तर उत्तमच. वेल्डर एक वर्षाचा ट्रेड आहे, फिटर दोन वर्षांचा. तेवढा वेळ नसेल तर जिल्ह्याच्या आरसेटी केंद्रात मोफत प्रशिक्षण मिळतं, कोणते कोर्स चालू आहेत ते जाऊन विचारा. सोबत गावातला लोहार आहेच.

मग मोजमाप. एक व्हर्निअर, एक गुण्या, एक चांगली मेजर टेप. आणि दोन सूत्रं पाठ. सळईचं मीटरला वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 12 मिमीची सळई मीटरला 0.89 किलो. एक चौरस मीटर, एक मिमी जाडीचा लोखंडी पत्रा 7.85 किलो. हे तोंडपाठ असेल तर गिऱ्हाईक समोर उभं असतानाच भाव सांगता येतो, आणि लोखंडवाल्याकडे वजनात फसवणूक होत नाही.

मग छोटी मशीन. ग्राइंडर, ड्रिल, साधा वेल्डिंग सेट. यावर दुरुस्तीची कामं घ्या. रोवण्याच्या तोंडावर केजव्हील तुटलं तर शेतकरी किलोचा भाव विचारत नाही. तो म्हणतो, "आजच पायजे भाऊ, उद्या रोवणा आहे." इथे तुमच्या हाताला भाव आहे. आपल्याकडे पाण्याची सोय असलेल्या भागात उन्हाळी धानही होतं, म्हणजे असा हंगाम वर्षातून दोनदा येतो.

आणि कर्ज. ते तेव्हाच, जेव्हा एखादं काम तुम्ही बाहेरून करून आणता आणि दर महिन्याला आणता. लेथच्या कामाला भंडाऱ्याला किती वेळा जावं लागलं, किती पैसे दिले, हे वहीत लिहा. ती रक्कम हप्त्याच्या जवळ पोहोचली की लेथ घ्या. त्याआधी नाही.

योजनांबद्दल एक सूचना. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात लोहार आहे, हातोडे आणि अवजारं करणारे आहेत. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, 5 टक्के व्याजाने, 18 महिन्यांसाठी. हप्ता येतो 5,780 च्या आसपास. पण घरातून एकालाच लाभ मिळतो, आणि गेल्या 5 वर्षांत पीएमईजीपीचं कर्ज घेतलं असेल तर यात बसत नाही. म्हणून घाईने मोठं कर्ज उचलण्याआधी सीएससी केंद्रावर जाऊन सध्याचे नियम नीट विचारून घ्या.

डोळे आणि बोटं

शेवटचं, आणि यात सूट नाही. ग्राइंडरचं गार्ड काढून ठेवायचं नाही. लेथवर आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, मोजा अडकला तर हात ओढला जातो. जस्ताचा थर असलेल्या जीआय पाइपवर बंद खोलीत वेल्डिंग करायचं नाही, त्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. पितळ ओततानाही तेच, कारण पितळेत जस्त असतं. काळ्या गॉगलवर वेल्डिंग करणारे दादा गावोगाव दिसतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ होते ती त्यामुळेच. योग्य काचेचं हेल्मेट वापरा. हात हेच भांडवल आहे म्हणतो ना आपण, मग त्याचा विमा आधी.

या आठवड्याचं काम देतो. 50 मिमीचा एक लोखंडी ठोकळा घ्या, एक बाजू सपाट करा, तिला काटकोनात दुसरी करा. गुण्या लावून उजेडाकडे धरा. उजेड दिसायचा बंद झाला की मला सांगा, किती दिवस लागले. मग मशीनबद्दल बोलू.